पिल्लाची इंजेक्शनं नक्की किती आणि कधी? घरात भाटी (मांजरी) पण आहे, प्लीज सांगा

आंबाकलम
नमस्कार मंडळी. आम्ही राजापूर तालुक्यात वाडीत राहतो. मिस्टरांनी त्यांच्या मित्राकडून एक गावठी पिल्लू आणलंय, नर आहे, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुत्री व्यायली म्हणाले म्हणजे आता नऊएक आठवड्यांचं असेल. सोबत कार्ड दिलंय, त्यावर एकच स्टिकर आहे, पपी डीपी, तारीख १८ जून. मित्राचं म्हणणं एक झालंय, आता अजून एक मारलं की संपलं, मग बघायला नको. आणि तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी आणावं लागेल आणि रेबीजचं वेगळं. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला एवढ्या सुया कशाला, आणि माझ्या मुंबईच्या चुलत बहिणीच्या पगचं इंजेक्शन दिल्यावर तोंड सुजून एवढं मोठं झालं होतं त्यामुळे मला पण भीती वाटतेय.

दुसरं म्हणजे तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे आख्खा दिवस जातो, आणि तिथे लस संपली असली की परत फेरी. आमच्याच वाडीत एक जण रत्नागिरीच्या मेडिकलमधून बाटली आणून स्वतःच टोचतात, स्वस्त पण पडतं म्हणतात. तसं केलं तर चालेल का?

आणि घरात एक भाटी आहे, तीनेक वर्षांची. तिला आजवर काहीच दिलेलं नाही. दिवसभर घरात असते पण रात्री कौलांवरून कुठे जाते काय माहीत. तिला आता या वयात लस द्यायची असते का?

मुलगी सहा वर्षांची आहे, दिवसभर पिल्लाला घेऊन बसलेली असते. दात शिवशिवतात त्याचे, खेळताना तिच्या हाताला परवा ओरखडा आला, थोडं रक्त पण आलं. पिल्लूच आहे म्हणून आम्ही हळद लावली. सगळं एकदम विचारतेय, जाणकारांनी सांगावं.

गोठा_ते_क्लिनिक
ताई, मी पशुवैद्य आहे, कोल्हापूर भागात. आधी मुलीचं बघा, बाकी सगळं नंतर. पिल्लाला रेबीजची लस झालेली नाही आणि दाताने रक्त आलंय, म्हणजे उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज नसतो असं अजिबात नाही, त्याची आई किंवा बाहेरचं कुठलं कुत्रं चावलेलं असेल तर पिल्लाला पण होतो, आणि नेमकं पिल्लाचं चावणं कोणी मनावर घेत नाही म्हणून माणसं दगावतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, हळद चुना मिरची काहीही लावायचं नाही. दोन दिवस झाले असतील तरी आता परत धुवा आणि जा. सरकारी दवाखान्यात लस फुकट असते, आता पोटात चौदा वगैरे काही नसतं, दंडात देतात, कातडीत देतात त्या पद्धतीत पहिल्या दिवशी मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलंय हे स्वतःहून सांगा कारण तशा जखमेला लसीबरोबर सिरम (तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन) पण द्यावं लागतं. पिल्लावर दहा दिवस नीट लक्ष ठेवा, पण त्या दहा दिवसांसाठी मुलीची लस थांबवायची नाही. रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही, त्यामुळे इथे "बघू" हा शब्दच नको.

आता पिल्लाचं. तुमच्या तालुक्याचे डॉक्टर बरोबर सांगतायत. किती सुया झाल्या यापेक्षा शेवटची सुई कोणत्या वयात झाली हे महत्त्वाचं, आणि त्याचं कारण कळलं की सासूबाईंनाही पटेल. वासराला आपण जन्मल्या जन्मल्या चीक पाजतो ना, तसंच पिल्लू पहिल्या दिवशी आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात येते. ही उसनी शक्ती पुढे आठवड्या-आठवड्याने कमी होत जाते. ती अंगात असते तोवर आपण दिलेली लस ती स्वतःच निकामी करून टाकते, म्हणजे सुई टोचली, स्टिकर लागला पण पिल्लाच्या अंगात काही तयारच झालं नाही. एखाद्या पिल्लात ती आठव्या आठवड्यात संपते, एखाद्यात चौदाव्या-पंधराव्यात, बाहेरून बघून कळत नाही. त्यातही मधले काही दिवस असे येतात की आईची शक्ती पार्वो (पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणारा रोग) अडवण्याइतकी उरलेली नसते पण लस निकामी करण्याइतकी मात्र असते. म्हणून आपण दर तीन-चार आठवड्यांनी परत देतो, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. सहाव्या आठवड्याचं पपी डीपी म्हणजे पार्वो आणि डिस्टेंपरसाठीची सुरुवात. त्यावर थांबणं म्हणजे अर्ध्या वाटेत उतरणं.

तुमच्या पिल्लाला आता सेव्हन इन वन किंवा नायन इन वन, जे दवाखान्यात असेल ते (त्यात डिस्टेंपर, पार्वो, काविळीचा विषाणू आणि लेप्टो येतात, पुढचे आकडे वाढतात ते बहुतेक लेप्टोचे प्रकार वाढतात म्हणून, त्यामुळे आकड्याच्या मागे लागू नका). मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेच परत. मग सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत, तेव्हा त्याला सोळा आठवडे झालेले असतील. रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेगळ्या दिवशी दिलं तरी चालेल, आणि कुत्री मोकळी फिरतात अशा तुमच्यासारख्या भागात महिन्याभराने त्याचा दुसरा डोस घ्यावा असं माझं मत. पुढे सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान एक बूस्टर.

त्यानंतर मोठ्या कुत्र्याचं काय, तर डिस्टेंपर-पार्वोची शक्ती बरीच वर्षं टिकते, लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या (WSAVA) सल्ल्याप्रमाणे ती तीन वर्षांच्या आत परत द्यायची गरज नसते. पण लेप्टो दरवर्षी लागतो, आणि आपल्याकडे रेबीज पण दरवर्षी. कोकणात लेप्टो टाळून चालणारच नाही. उंदीर-घुशीच्या लघवीतून पसरतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून शेतातून येतो आणि कुत्र्याला झाला की त्याच्या लघवीतून घरातल्या माणसांना पण होऊ शकतो. त्याचे पहिल्या वेळी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, एकाने काम होत नाही. पुढच्या वर्षीपासून वर्षाचा डोस मे महिन्यात उरकायचा म्हणजे मिरगाच्या आधी तयारी झालेली असते.

खळ्यातला_राजा
मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. आमच्याकडे आजोबांपासून कुत्री आहेत, बागेत राखणीला लागतात, एकालाही कधी सुई टोचली नाही आणि बारा-बारा वर्षं जगलीत. गावठी कुत्रं मुळात दणकट असतं, हे सगळं शहरातल्या विकतच्या कुत्र्यांसाठी आहे. लस देऊन देऊन आपणच त्यांना नाजूक करतोय का हा विचार व्हावा.

भूभू_सोबती
राजादादा, बारा वर्षं जगलेलं कुत्रं आपल्याला आठवतं कारण ते जगलं. त्याच्या बरोबरीची भावंडं कुठे गेली ते कोणी मोजत नाही. मी पुण्यात रस्त्यावरच्या पिल्लांचं काम करते, गावठीच सगळी. सहा-सात पिल्लांच्या वेतातून एखादं-दुसरं मोठं होतं, बाकीची पहिल्या चार महिन्यांत जातात, गाडीखाली जातात ती वेगळी पण पार्वो आणि डिस्टेंपर झाडून नेतात.

पार्वोचं पिल्लू ज्यांनी एकदा बघितलं ते विसरत नाहीत. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं असतं, पाणी हवं असतं पण पीत नाही, प्यायलं की उलटी. मग जुलाब, सुरुवातीला पिवळे-पांढुरके आणि मग लालभडक रक्ताचे, आणि त्याला एक कुजका वास येतो तो खोलीत शिरल्या शिरल्या ओळखता येतो. सलाईनवर ठेवून वाचतात काही, पण दिवसरात्र कोणीतरी बसावं लागतं. डिस्टेंपर अजून वाईट, डोळ्यातून नाकातून पू येतो, बरं वाटायला लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि दोन-तीन आठवड्यांनी झटके सुरू होतात, जबडा उगाच काहीतरी चावत असल्यासारखा हलत राहतो. त्यावर औषध नाही. हे लसीने टळतं हो, म्हणून मी हात जोडून सगळ्यांना सांगत असते.

आंबाकलम ताई, एक महत्त्वाचं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने राहतो आणि फिनाइलने मरत नाही. याआधी तुमच्या खळ्यात पडवीत एखादं पिल्लू रक्ताचे जुलाब होऊन गेलं असेल तर ती जागा ब्लीचच्या पाण्याने (एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी) धुवून काढा, आधी शेण-माती घासून काढायची आणि मग ब्लीच, नुसतं वरून ओतून उपयोग नाही. कोर्सची सप्टेंबरची सुई होईपर्यंत पिल्लाला वाडीतल्या इतर कुत्र्यांत सोडू नका, बाजारात किंवा दवाखान्याच्या अंगणात खाली ठेवू नका, कडेवर घ्या. पण घरात कोंडून पण ठेवू नका, कडेवरून माणसं गाड्या गुरं सगळं दाखवा, याच वयात नाही दाखवलं तर मोठेपणी ते सगळ्यालाच घाबरतं आणि चावतं. ज्या ओळखीच्या कुत्र्यांची सगळी लस झालीय त्यांच्याशी खेळलं तर हरकत नाही.

मांजरप्रेमी_मिरज
भाटीबद्दल मी लिहिते कारण मांजराचं सगळे विसरतात. तीन वर्षांची असली तरी द्यायची. मांजराला थ्री इन वन येतं, ट्रायकॅट म्हणतात, त्यात मांजराचा पार्वो (पॅनल्युकोपेनिया) आणि सर्दीचे दोन विषाणू, हर्पीस आणि कॅलिसी. मोठ्या मांजराला कधीच दिलं नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, वर्षाने एक आणि मग डॉक्टर सांगतील तसं. रेबीज एक, पुढे दरवर्षी. रात्री बाहेर जाते म्हणजे रेबीज तर हवाच, बोक्यांशी भांडून चावे घेऊन येणारी मांजरं कमी नाहीत.

पण आधी एक सांगा, तिचं ऑपरेशन झालंय का? कारण रात्री बाहेर जाणारी न केलेली भाटी म्हणजे गाभण असण्याची शक्यता धरूनच चालायचं, आणि ट्रायकॅटमध्ये जिवंत विषाणू दुबळा करून घातलेला असतो, तो गाभण मांजरीला द्यायचा नसतो. पोटातल्या पिल्लांच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग नीट वाढत नाही, मग ती पिल्लं जन्मभर डुलत डुलत चालतात. डॉक्टरांना हे आधी सांगायचं, ते पोट तपासतील.

अजून एक, मांजराला सुई मानेवर न देता पायात खालच्या बाजूला द्यायला सांगा. फार क्वचित सुईच्या जागी गाठ होऊन ती कॅन्सरची निघते, पायात असली तर काढता तरी येते. सुईनंतर वाटाण्याएवढी गाठ येणं नेहमीचं आहे, जिरते. ती तीन महिन्यांनी पण तशीच असेल, किंवा दोन सेंटीमीटरहून मोठी झाली, किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल तर दाखवायची. क्वचित होतं म्हणून लस टाळायची नाही.

आंबाकलम
सगळ्यांचे खूप आभार. मुलीला आज सकाळीच आरोग्य केंद्रात नेलं, लस दिली, सिरमसाठी रत्नागिरीला सिव्हिलला पाठवलं तिथे पण झालं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या बरं झालं आलात, पिल्लाचं कोणी आणतच नाही. भाटीचं ऑपरेशन झालेलं नाही, आणि आता बघते तर पोट थोडं दिसतंय खरं. डॉक्टर, त्या तोंड सुजण्याबद्दल आणि मेडिकलमधून आणून घरी टोचण्याबद्दल राहिलं. आणि आमच्याकडे कोणीतरी म्हणालं की गावठी छोटं आहे तर अर्धा डोस द्या.

गोठा_ते_क्लिनिक
मुलीचं झालं हे वाचून फार बरं वाटलं. पुढच्या तारखा चुकवू नका.

अर्धा डोस नाही. लसीचा डोस वजनावर ठरत नाही, पॉमेरेनियनला जेवढा तेवढाच ग्रेट डेनला. अर्धा दिला तर अर्धी शक्ती येते असं नसतं, काहीच न येण्याची शक्यता असते.

रिॲक्शनचं खरं चित्र असं आहे. सुई दिल्यावर एक-दोन दिवस पिल्लू सुस्त असणं, थोडं कणकणणं, जेवण कमी, सुईची जागा दुखणं हे होतं आणि आपोआप जातं, शरीर काम करतंय त्याची खूण. अमेरिकेत बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींवरून २००५ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात तीन दिवसांच्या आत काहीही त्रास नोंदला गेला असा आकडा दहा हजारात साधारण अडतीस होता, आणि त्यातले बरेचसे किरकोळ. लहान चणीच्या कुत्र्यांत आणि एकाच वेळी जास्त लसी दिल्या तर प्रमाण वाढतं, म्हणूनच वर मी रेबीज वेगळ्या दिवशी म्हटलं. तुमच्या बहिणीच्या पगचं तोंड सुजलं ती ॲलर्जी. तोंड-पापण्या सुजणं, अंगावर गांध्या, परत परत उलट्या, हिरड्या पांढऱ्या पडणं, कोसळणं, यातलं काहीही सुईनंतर काही मिनिटांत ते काही तासांत दिसतं. इलाज आहे, पण तो लगेच हवा. म्हणून सुई झाली की अर्धा तास दवाखान्यातच बसा आणि सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी उशिरा दिली आणि रात्री काही झालं तर डॉक्टर कुठे शोधणार. बहिणीला सांगा, पुढच्या वेळी आधीचा त्रास डॉक्टरांना आठवणीने सांगायचा, आधी औषध देऊन आणि लसी वेगळ्या करून देता येतात.

ताप वाटला म्हणून घरातली माणसांची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉलने मांजर मरतं, अर्ध्या गोळीने पण. कॉम्बिफ्लाम कुत्र्याला पण नको.

घरी टोचण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो पैशासाठी नाही. एक कारण वर आलंच, तोंड सुजलं किंवा पिल्लू कोसळलं तर त्या माणसाकडे ॲड्रेनॅलिन (अशा वेळी जीव वाचवणारं इंजेक्शन) असणार आहे का. दुसरं कारण थंडावा. लस दोन ते आठ डिग्रीतच राहायला हवी, कंपनीतून निघाल्यापासून सुईत भरेपर्यंत. रत्नागिरीपासून तुमच्या वाडीपर्यंत ती शर्टाच्या खिशात आली तर बाटलीतली पांढरी पूड तशीच दिसते, पाणी घातलं की विरघळते पण आत जिवंत काही उरलेलं नसतं. उलट बर्फाला चिकटून रेबीजची लस गोठली तरी ती पण बाद. मेडिकलवाल्याचा फ्रिज पावसात लाइट गेल्यावर किती तास बंद होता हे तुम्हाला कळणार नाही. मग कार्ड भरलेलं असतं आणि पिल्लू मात्र उघडं. लस दवाखान्यातल्या फ्रिजमधून तुमच्यासमोर काढली, पूड आणि पाणी तुमच्यासमोर मिसळून लगेच दिली, बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर कार्डावर लावून सही-शिक्का दिला, एवढं बघून घ्या. फेरी फुकट जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी फोन करून लस आहे का विचारा, आणि पिल्लाची आणि भाटीची तारीख एकत्र पाडा.

भाटी गाभण वाटतेय तर तिचं ट्रायकॅट आता नको. वेऊ दे, पिल्लं दूध सुटून मोठी झाली की तिची लस आणि ऑपरेशन दोन्ही. रेबीजची लस मेलेल्या विषाणूची असते त्यामुळे त्या लसीने रेबीज होण्याचा प्रश्नच नाही, पण गाभणपणात द्यायची की थांबायचं ते तपासून ठरवू द्या. तिच्या पिल्लांना आठ आठवड्यांपासून सुरुवात, तोच हिशेब, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर.

तेरेखोल_पलीकडे
सावंतवाडीकडचा आहे, कामाला गोव्यात. राजाभाऊंनी वर लिहिलं म्हणून सांगतो. गोव्यात मिशन रेबीजवाले २०१४ च्या सुमारापासून दरवर्षी राज्यभर फिरून कुत्र्यांना लस देतात, जाळं घेऊन येतात, मोकाट कुत्रं पकडलं की टोचून रंगाची खूण करून सोडून देतात, गावोगाव शाळांत मुलांना शिकवतात. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते असं त्यांचं गणित. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथली कुत्री पण गावठीच आहेत.

रेबीजची लस दहा डोसच्या बाटलीत पण येते. वाडीतली आठ-दहा कुत्री एका दिवशी गोळा करायची तयारी असेल तर पंचायतीमार्फत पशुधन विकासच्या डॉक्टरांना वाडीत बोलवा, बहुतेक येतात, आमच्याकडे आले होते. ६ जुलै आणि २८ सप्टेंबरच्या आसपास सरकारी दवाखान्यात फुकट शिबिरं पण असतात.

खळ्यातला_राजा
डोस वाडीत येऊन देणार असतील तर माझी तिन्ही कुत्री घेऊन येतो. त्यातलं एक आठ वर्षांचं आहे, आता या वयात दिलं तर चालतं का? आणि मोठ्या कुत्र्यालाही पिल्लासारखे तीन-चार डोस का?

गोठा_ते_क्लिनिक
चालतं राजाभाऊ, आठ वर्षं म्हणजे काही म्हातारं नाही, खातंय पितंय चालतंय एवढं बघायचं. मोठ्या कुत्र्यात आईची उसनी शक्ती केव्हाच संपलेली असते त्यामुळे पिल्लासारखी मालिका लागत नाही. रेबीजचा एक डोस आणि मग दरवर्षी. सेव्हन इन वन महिन्याच्या अंतराने दोनदा, ते मुख्यतः लेप्टोसाठी, बागेत राखणीची कुत्री म्हणजे घुशींच्या मागे असणारच. मुसक्या किंवा मऊ दोरी बरोबर ठेवा, घरच्या माणसाने मान धरली की काम पटकन होतं.

आंबाकलम
आमच्या ग्रामसेवकांशी बोलते मी, राजाभाऊ तुम्ही पण या. शेवटचं एक, पिल्लाला आजपासून थोडे पातळ जुलाब आहेत, रक्त नाही, खेळतंय जेवतंय. शनिवारी डोसला न्यायचं ठरलंय, नेऊ ना? आणि डोसच्या आदल्या दिवशी आंघोळ घालू का?

गोठा_ते_क्लिनिक
न्या, पण डोससाठी नाही तर आधी तपासायला, आणि त्याची शी एका डबीत घेऊन जा. या वयात जंतच निघतात बहुतेक वेळा. पिल्लांना दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी आणि दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचं औषध लागतं, तुमच्या कार्डावर त्याची नोंद दिसत नाही. ताप असेल किंवा जुलाब वाढले तर डॉक्टर लस आठवडाभर पुढे ढकलतील, त्याने काही बिघडत नाही, मागचा डोस वाया जात नाही. उलटी सुरू झाली, खेळायचं थांबलं किंवा रक्त दिसलं तर शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी गाठा. आंघोळ या पावसात नकोच, ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा आणि टोपलीत जुनं गोणपाट घालून न्या.